टिप विकतची, दांडा घरचा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने लेथवर लिहावे हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. त्यांच्यापुढे मी एकच शब्द ठेवतो : कातीव. अमुक नायिकेचा बांधा कातीव आहे, तमुक लेण्यातली मूर्ती कातीव आहे, असे आपण बिनदिक्कत लिहितो आणि विद्यार्थ्यांकडून लिहवूनही घेतो. पण हा शब्द साहित्यिकांनी कातारी लोकांकडून उसना आणला आणि परत केलाच नाही. लाकूड फिरते ठेवायचे, त्याला हत्यार टेकवायचे आणि गोल, गुळगुळीत आकार उतरवून घ्यायचा, या क्रियेला 'कातणे' म्हणतात. आपल्या घरातले लाटणे कातीव, पाळण्याचे खांब कातीव, सावंतवाडीहून आणलेला भोवरा कातीव. पुढे लाकडाच्या जागी लोखंड आले, दोरीने फिरवायच्या सांगाड्याऐवजी विजेवर चालणारा लेथ आला आणि कातारी 'टर्नर' झाला. काम मात्र तेच राहिले. वस्तू फिरते, हत्यार जागच्या जागी असते आणि दोघांच्या गाठीतून कीस निघतो.

माझे आजोळ कोल्हापूरचे. मामांचे वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आहे. वर्कशॉप म्हणजे काय, तर एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर, एक भट्टी आणि एक मामा. हे गाव मुळातच हातांचे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी इथे यंत्रकामाची परंपरा घातली, आणि १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा परदेशातून न आणता इथेच घडवला. मामांचा लेथ हरिहरचा, म्हैसूर किर्लोस्करचा. १९४१ साली सुरू झालेली ती कंपनी आज नाही, लेथ आहे. माझा मामेभाऊ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत संगणकावर चालणारी, म्हणजे सीएनसी, यंत्रे सांभाळतो. जुना लेथ विकून टाकावा आणि आबांनी आता घरी बसावे, असे तो दर दिवाळीला म्हणतो. आबा दर दिवाळीला म्हणतात, "बघू पाडव्याला." हा पाडवा अजून उजाडलेला नाही.

या बापलेकांच्या वादात मी जे ऐकले, पाहिले आणि मागाहून वाचून पडताळले, ते वाचकांना सांगावे असे फार दिवस मनात होते. वाद एका टिपेवरून सुरू झाला. टिपा या विषयाचा मला अधिकार आहे असे मी समजत होतो, कारण माझे अर्धे आयुष्य पुस्तकांच्या तळटिपा तपासण्यात गेले. पण उद्यमनगरात टिप म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडा मोठा, चौकटच्या एक्क्यासारखा दिसणारा आणि मध्ये भोक असलेला एक तुकडा. लोखंड कापते ते त्याचे टोक. बाकी सारे यंत्र, मोटर, चक आणि मिस्त्री हे त्या टोकाला जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात.

हा तुकडा पोलादाचा नसतो. पूर्वी होता. साध्या पोलादाचे हत्यार दोनअडीचशे अंश तापले की त्याचे पाणी उतरते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या अमेरिकन जोडीने नव्या 'हायस्पीड' पोलादाचे हत्यार दाखवले. ते तापून लालसर झाले तरी कापतच राही. लोक तोंडात बोट घालून पाहत होते. पण खरी क्रांती कारखान्यातून आली नाही, ती विजेच्या दिव्यातून आली. दिव्यातली तार टंगस्टनची. ती इतकी बारीक ओढायची तर तिला हिऱ्याच्या छिद्रातून ओढावे लागे, आणि हिरा काही स्वस्त नव्हे. बर्लिनमध्ये ओसराम या दिव्यांच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या कार्ल श्र्योटर यांनी १९२३ साली टंगस्टन कार्बाइडची पूड आणि कोबाल्टची पूड एकत्र दाबून, भाजून एक पदार्थ केला. एसेनच्या क्रुप कारखान्याने तो १९२६-२७ मध्ये हत्यारासाठी बाजारात आणला आणि त्याला नाव दिले 'विडिया'. 'वी दियामांट' या जर्मन शब्दांचा तो संक्षेप, अर्थ 'हिऱ्यासारखे'. १९६४ पासून विडियाचा कारखाना बंगळूरलाही झाला. त्यामुळे आपल्याकडचे जुने मिस्त्री आजही कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला 'विडिया'च म्हणतात, जसे आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

या पदार्थाची घडण गृहिणींना माझ्यापेक्षा लवकर समजेल. संक्रांतीची तिळाची वडी डोळ्यांपुढे आणा. तीळ म्हणजे कार्बाइडचे कण, आणि त्यांना बांधून ठेवणारा गूळ म्हणजे कोबाल्ट. गूळ कमी पडला तर वडी कडक होते, पण पडली की तिचे तुकडे. गूळ जास्त झाला तर वडी चिवट होते, तुटत नाही, पण दातांखाली लवकर दबते. कार्बाइडचे अगदी असेच आहे. कोबाल्ट शेकडा ५-६ असेल तर टिप कठीण, घासाला टिकणारी. १०-१२ पर्यंत गेले की चिवट, धक्के सोसणारी. कणही बारीक-जाड असतात, आणि त्याने आणखी फरक पडतो. पूड साच्यात दाबून सुमारे १४०० अंशांवर भाजतात, तेव्हा वडी लांबीरुंदीत साधारण सहाव्या हिश्शाने आक्रसते. म्हणजे साचा करणाऱ्याने ते आक्रसणे आधीच हिशेबात धरायचे. अनारसे तळणाऱ्या बाईला असतो, तसला हा अंदाज.

वर पुन्हा मुलामा असतो. सोनेरी टिप पाहून मी एकदा विचारले होते की हे सोने आहे काय. ते टायटेनियम नायट्राइड निघाले. सोन्याशी त्याचे नाते फक्त रंगाचे. काळसर टिपेवर बहुधा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा थर असतो, आणि माणिक व नीलम ही रत्ने त्याच कुळातली. हा थर काही मायक्रॉन जाडीचा, पण ऊष्णता आत शिरू देत नाही. मात्र जाड थराने धार किंचित बोथट होते. हा बारकावा पुढे उपयोगी पडेल म्हणून इथेच सांगून ठेवतो.

आता निवडीचे. दुकानात गेलात तर टिपांच्या डब्या रांगेने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर इंग्रजी अक्षरांची व आकड्यांची एक ओळ असते. मला ती पाहून एकदम आमचे छंदःशास्त्र आठवले. य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गं हे सूत्र ज्याने पाठ केले, तो कोणत्याही वृत्ताचे गण पाडतो. ज्याने केले नाही त्याला ती नुसती बडबड वाटते. इथेही तसेच. 'सी-एन-एम-जी १२ ०४ ०८' हेच घ्या. पहिले 'सी' म्हणजे ८० अंशांच्या कोनाचा चौकट. दुसरे अक्षर 'एन' म्हणजे बाजूच्या भिंती सरळ उभ्या. तिसरे मापातल्या अचूकतेचे, चौथे भोक व कीस मोडण्यासाठीच्या खाचांचे. मग १२ हे धारेच्या लांबीचे माप, ०४ जाडीचे, आणि ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. दुसरे अक्षर 'एन' ऐवजी 'सी' असेल तर भिंती खाली सात अंशांनी आत उतरत जातात. सगळ्या जगातल्या कंपन्या ही लिपी पाळतात. आमच्या शुद्धलेखनाबाबत अजून एवढे एकमत झालेले नाही.

मामा या लिपीला पूर्वी जुमानत नसत. ते जुन्या पद्धतीचे : कार्बाइडचा तुकडा पितळेच्या झाळाने दांड्यावर चिकटवायचा आणि हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकावर त्याला स्वतः धार द्यायची. पण एकदा मुलाने त्यांना सांगितले, की ०९ आकड्याच्या टिपेत जे वर्तुळ बसते त्याचा व्यास ९.५२५ मिलिमीटर असतो आणि १२ च्या टिपेत १२.७. मामांनी क्षणभर छताकडे पाहिले.

"म्हणजे तीन सुताची टिप आणि चार सुताची टिप. मग असं मराठीत सांग की!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरच्या पोशाखात इंच लपलेला आहे हे मामांनी तोंडी हिशेबाने ओळखले. तेव्हापासून ती लिपी त्यांना आपली वाटू लागली.

आकारानंतर जात. डबीवर रंगाची पट्टी असते : पोलादाला निळी, स्टेनलेसला पिवळी, बिडाला तांबडी, ॲल्युमिनियम-पितळेला हिरवी, उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंना तपकिरी आणि पाणी दिलेल्या कडक पोलादाला करडी. रंगाबरोबर एक आकडा. आकडा लहान तर टिप कठीण, मोठा तर चिवट. नवशिके लोक इथेच घसरतात असे मामेभाऊ सांगतो. त्यांना वाटते, कठीण तेवढे चांगले. पण ओतीव कामावर वाळू चिकटलेली असते, गोल कामात मध्येच खाच येते, जुना लेथ थरथरतो. अशा वेळी फार कठीण टिपेचे टोक पहिल्या मिनिटाला उडते. पाट्यावर टाकी लावणारी बाई आपली छिन्नी काचेची करून घेत नाही.

आणखी एक मोह असतो तो कोपरे मोजण्याचा. सरळ भिंतींची टिप दोन्ही अंगांनी वापरता येते, म्हणून तिला चार कोपरे. उतरत्या भिंतींची एकाच अंगाने, म्हणून दोनच. किंमत मात्र अर्धी नसते. तेव्हा हिशेबी माणूस चार कोपऱ्यांची घेतो आणि जुन्या लेथवर लावतो. मग लेथ कुरकुरतो, काम थरथरते आणि पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे वळ उठतात. कारण सरळ भिंतीच्या टिपेला कामापासून सुटी ठेवायची तर ती होल्डरमध्ये पुढे झुकवून बसवावी लागते. ती कापते कमी आणि ढकलते जास्त. तिला दणकट यंत्र हवे. हलक्या किंवा जुन्या यंत्राला उतरत्या भिंतीची, हलक्या हाताने कापणारी टिपच चांगली. माझे मत विचाराल तर दोन कोपरे पुरते वापरणे हे चार कोपरे फुकट घालवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

वेगाचाही प्रश्न आहे. कार्बाइडला पोलादावर मिनिटाला शंभर मीटरच्या वरची चाल मानवते. पन्नास मिलिमीटरचा गज मिनिटाला सातशे फेऱ्यांनी फिरवला की ११० मीटर होतात. पण गज वीस मिलिमीटरचा आणि लेथची कमाल चाल आठशे फेऱ्या असेल तर हिशेब पन्नास मीटरवरच थांबतो. एवढ्या संथ चालीत मऊ पोलादाचा कीस टिपेलाच चिकटतो आणि काम खरबरीत होते. अशा कामाला मामा अजूनही हायस्पीडचे जुने हत्यार काढतात, आणि सीएनसीवाला मुलगाही त्यांना हसत नाही.

या टिपा स्वस्त नाहीत. एका टिपेच्या पैशांत आमच्याकडे दोघांचे जेवण होईल. जगातले सुमारे चारपंचमांश टंगस्टन चीन काढतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रणे घातली आणि भाव चढत गेले. कोबाल्ट बहुतांश काँगोतून येते. आपल्याकडे राजस्थानात डेगाणा येथे टंगस्टनची खाण होती, ती बंद पडली. म्हणून वापरून झालेल्या टिपाही कोणी फेकत नाही. मामांच्या खिडकीत एक जुना बोर्नव्हिटाचा डबा आहे. त्यात त्या साठतात आणि भंगारवाला किलोच्या भावाने नेतो. डबा उचलून पाहिला तर हात खाली ओढला जातो. कार्बाइड लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड असते.

हे सारे झाले टिपेचे. परंतु टिप स्वतः काही करू शकत नाही, तिला धरणारा दांडा लागतो. त्याला होल्डर म्हणतात. "हिरा आणला तरी धरायला बोटं नकोत का?" असे मामांचे म्हणणे. होल्डर बाजारात तयार मिळतात आणि साध्या कामाला तेच घ्यावेत. तिरप्या बसवायच्या टिपेची खोबण दोन दिशांनी झुकलेली असते. ती घरी कोरणे म्हणजे विकतच्या चकलीसाठी सोऱ्या ओतवून घेणे. पण कधी असे काम येते की त्याच्यासाठी बाजारात काहीच नसते. असे एक काम मागच्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी मामांकडे आले. मी सुटीला तिथेच होतो.

पन्हाळ्याकडचे एक गुऱ्हाळवाले टेम्पोतून एक बिडाचे अवजड घर घेऊन आले. उसाच्या चरकाच्या लाटेचे बेअरिंग त्यात बसते. त्या घराच्या तोंडाचे भोक सत्तर मिलिमीटरचे. आत, सुमारे दीडशे मिलिमीटर खोल, ८४ व्यासाची एक रुंद खाच, आणि त्या खाचेत फेल्टची रिंग. ही रिंग रसाला बेअरिंगकडे जाऊ देत नाही आणि ग्रीसला रसाकडे येऊ देत नाही. खाचेची तोंडाकडची भिंत आंबट रसाने आणि वाळूने खाल्ली होती. रिंग हलत होती. नवे घर ओतून आणायचे तर साचा नाही, कारण चरकाची कंपनीच राहिलेली नाही.

"मिस्त्री, कायबी करा," ते म्हणाले. "ऊस तोडीला आलाय, गुळव्या ठरवलाय, माणसांना उचल दिलीया. पाडव्याला काहिल चढली न्हाई तर माणसं दुसऱ्याकडं जात्यात. आन् ग्रीस लागलेला गूळ कोण घेनार?"

मामांनी भोकात हात घालून बोटाने ती भिंत चाचपली. डोळे मिटलेले. दुसऱ्या बाजूने घर बंद होते, म्हणजे तिकडून हत्यार घालण्याची सोय नाही. तोंडातून आत जाऊन, वळून, पाठीमागची भिंत कातायची. पाठमोऱ्या माणसाच्या शर्टाचे बटण लावण्यासारखेच ते. मामेभावाने दोनतीन ठिकाणी फोन केले. असा होल्डर खास करून मिळेल, पण आठवडे लागतील, आणि किंमत ऐकून गुऱ्हाळवाले काकवीच्या भांड्यासारखे शांत झाले.

"आबा, घर परत पाठवा," मामेभाऊ म्हणाला. "फुटलं तर आपल्या गळ्यात."

"तू टिप सांग," मामा म्हणाले. "दांडा मी करतो."

त्या संध्याकाळी बापलेक पहिल्यांदाच एका स्टुलावर समोरासमोर बसलेले मी पाहिले. हिशेब वहीच्या मागच्या पानावर झाला. दांडा जितका बाहेर निघेल तितका तो लवतो, आणि हे लवणे लांबीच्या घनाच्या पटीत वाढते : लांबी दुप्पट तर लवणे आठपट. जाडीने मात्र उलटा फायदा, जाडी दुप्पट केली तर लवणे सोळाव्या हिश्शावर येते. पोलादी दांडा आपल्या जाडीच्या चौपटीहून अधिक बाहेर काढू नये असा दंडक आहे. १६० मिलिमीटर आत जायचे तर दांडा चाळीसचा हवा. टोक दांड्याच्या अंगाबाहेर दहा मिलिमीटर काढले तर सगळे मिळून पन्नास. सत्तरच्या तोंडातून ते आत जाते. आत गेल्यावर ८४ च्या तळाशी पोचायला दांडा बारा मिलिमीटर बाजूला सरकवायचा, तेव्हा तोंडाच्या कडेशी फट राहते तीन मिलिमीटरची. मामा म्हणाले, "तीन लई झाली."

टिप ठरली 'सी-सी-एम-टी ०९ टी३ ०४'. तीन सुताची, उतरत्या भिंतीची, कारण सडपातळ दांड्याला ढकलणारी टिप चालत नाही. 'टी३' म्हणजे जाडी ३.९७ मिलिमीटर. टोकाची गोलाई ०.४. मामांना ०.८ ची हवी होती, तिने काम गुळगुळीत येते. हेही गणिताने सांगता येते : एका फेरीत हत्यार जेवढे सरकते त्याचा वर्ग करायचा आणि गोलाईच्या आठपटीने भागायचे, की वळांची उंची निघते. गोलाई वाढली की वळ बुटके. पण गोलाई वाढली की टिप दांड्याला मागे रेटते, आणि लांब दांडा मग गाणे म्हणू लागतो. मुलाचे म्हणणे असे की सरकणे निम्मे केले तर वळ एकचतुर्थांश होतात, मग गोलाई कशाला वाढवायची? मामांनी ते मानले. जात तांबड्या पट्टीची, मधल्या आकड्याची, आणि मुलामा नसलेली, कारण धार तीक्ष्ण हवी आणि चाल संथ राहणार होती.

दांड्यासाठी पोलाद आले भंगार बाजारातून : ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा तुकडा. असले पोलाद चिवट असते, पण त्याच्या कातडीला कारखान्यात पाणी दिलेले असते, कानस घसरते. मामांनी तो भट्टीत लाल केला आणि रात्रभर राखेत पुरून ठेवला. सकाळी तो कोमट होता आणि मऊ झाला होता. लेथवर तो चाळीसला उतरवला. पुढच्या टोकाला, कापणारे टोक जिथे बाहेर काढायचे तिथे, मूळ ॲक्सलची जाडी तेवढी डोक्यासारखी ठेवली आणि बाकीची काढून टाकली.

खोबण कोरायला शेजारच्या वर्कशॉपातले मिलिंग मशीन मागून घेतले. आता या खोबणीविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. कार्बाइडला दाबाचे भय नाही. ते पोलादाच्या तिप्पट ताठ असते. भय आहे ते वाकण्याचे. बैठक तंतोतंत सपाट नसेल आणि टिपेखाली केसाएवढी पोकळी राहिली, तर कापताना टिप तिथे वाकू पाहते आणि तडकते. लोक मग टिपेला शिव्या देतात. म्हणून मामांनी बैठक कोरल्यावर टिपेच्या पोटाला निळी चोपडली, ती बसवून उचलली आणि निळा डाग कुठे उठला ते पाहिले. दोन कोपऱ्यांत डाग नव्हता. कार्बाइडच्याच एका जुन्या तुकड्याने त्यांनी उंचवटे खरवडले. पुन्हा निळी, पुन्हा खरवड. चार वेळा. पाचव्यांदा डाग सगळीकडे सारखा उठला.

खोबणीच्या भिंतींचे दुसरे पथ्य. टिपेच्या भिंती खाली आत उतरतात. खोबणीची भिंत जर सरळ उभी ठेवली तर टिप फक्त वरच्या कडेवर टेकते, आणि ती कड म्हणजे तिची न वापरलेली धार. स्क्रू आवळला की ती धार आपोआप चेचली जाते. दुसरा कोपरा वापरायच्या आधीच मेला. तेव्हा मामेभावाने एका जुन्या कटरला सात अंशांचा उतार घासून दिला आणि भिंती त्याने कोरल्या. भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे टिपेचा मागचा कोपरा कशालाच टेकत नाही, हवेत राहतो.

तिसरे पथ्य स्क्रूचे, आणि हे मला सर्वांत आवडले. स्क्रूचे भोक टिपेच्या भोकाच्या बरोबर खाली पाडायचे नसते. टिप खोबणीत दाबून धरायची, तिच्या भोकातून टोच्याने खूण करायची, आणि ती खूण भिंतींच्या कोपऱ्याकडे दहावा हिस्सा मिलिमीटर सरकवून मग भोक पाडायचे. असे केले की स्क्रू आवळताना त्याचे शंकूसारखे डोके टिपेला नुसते खाली दाबत नाही, दोन्ही भिंतींकडे ओढून घेते. हे सरकवणे मामांनी डोळ्यावर भिंग लावून, हातानेच केले. मग २.९ चे ड्रिल आणि साडेतीन मिलिमीटरचे आटे. आटे पाडताना मामेभाऊ श्वास रोखून उभा होता. टॅप आत मोडला असता तर दोन दिवस वाया गेले असते.

टिपेचा माथा दांड्याच्या बरोबर मध्यरेषेवर आला पाहिजे, म्हणून दांडा निम्म्यापेक्षा ३.९७ खोल कापला होता. लेथवर बांधताना ते टोक सेंटरच्या उंचीला पुन्हा जुळवले, खाली पत्र्याचे पॅकिंग घालून.

धनत्रयोदशीच्या सकाळी घर चार जबड्यांच्या चकमध्ये चढले. ते वेडेवाकडे असल्याने एका बाजूला वजन बांधून तोल साधला. आत काय चालले आहे हे दिसणे शक्यच नव्हते. तोंडात तर दांडा. बिडाचा कीस लांब निघत नाही, काळा भुसा पडतो, आणि पाणीही घालायचे नाही. मामांनी दोनशे फेऱ्यांची चाल लावली, म्हणजे त्या व्यासाला मिनिटाला साधारण त्रेपन्न मीटर. हत्यार भिंतीला टेकले आणि एक कर्कश किंकाळी निघाली. मामेभावाचा हात लाल बटणाकडे गेला.

"थांब," मामा म्हणाले. त्यांनी चाल एक पायरी उतरवली, आणि लाकडी हातोड्याचा दांडा एका टोकाने होल्डरवर टेकवून दुसरे टोक कानाला लावले. सरकण्याचा वेग त्यांनी कमी केला नाही, उलट किंचित वाढवला. माझ्यासारख्याला हे उलटे वाटले; पण फार हलका घास घेतला की टिप कापत नाही, घासते, आणि घासण्याने दांडा कापू लागतो. किंकाळीचा गुणगुणाट झाला आणि मग जात्याची घरघर येते तसला एकसारखा आवाज सुरू झाला. मामांनी डोळे मिटले. मामेभावाने हात खाली घेतला.

दोन घास घेतले, मग एक बारीक घास ०.१ च्या सरकण्याने. दांडा बाहेर काढल्यावर मामांनी आधी भोकात बोट घातले. मग बाजूला होऊन मुलाला म्हणाले, "बघ." त्याने बोट घातले. बराच वेळ काढले नाही. मग त्याने वाकड्या बैठकीचा डायल लावून भिंत तपासली. काटा दोन शतांशांच्या आत डोलत होता. फेल्टची नवी रिंग जाड करून घेतली होती, ती दाबून आत सरकवली तशी बसली. टिपेचा एक कोपरा झिजला होता. दुसरा शाबूत होता.

पैशांचे बोलणे झाले तेव्हा मी बाहेर चहा घेत होतो, पण कानावर आले ते असे, की मामांनी घर कातण्याचे घेतले आणि दांड्याचे घेतले नाहीत. "दांडा माझ्याजवळच राहतोय," एवढेच म्हणाले. मामेभावाला हे पटले नाही. त्याच्या कारखान्यात असला दांडा बनवायचे बिल वेगळे लागते, आणि त्याचेही चूक नाही. तीन दिवसांचे तीन माणसांचे काम होते ते. मी या वादात पडलो नाही.

पाडव्याला काहिल चढली. गुऱ्हाळवाल्यांनी पाच किलोची ढेप पाठवली. तिचा रंग बाभळीच्या डिंकासारखा होता आणि ग्रीसचा वास नव्हता, हे मामींनी नाकाजवळ धरून आधी पाहिले. लेथ विकण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. मामेभाऊ मात्र दुपारी वर्कशॉपात गेला, टिपांची एक तांबड्या पट्टीची नवी डबी फळीवर ठेवली आणि तिच्या झाकणावर खडूने 'तीन सूत, बीड' असे लिहिले. मामांनी दांडा तेल लावून पुसला, ऐरणीवर आडवा धरला आणि मागच्या टोकावर पंचाने एकेक अक्षर ठोकले : चरक, १६०.